काळ्या रबराचा हिशेब

तीन रबरी रिंगा तळहातावर ठेवा: एक नायट्राइलची, एक ईपीडीएमची, एक साध्या नैसर्गिक रबराची. सगळं आयुष्य या धंद्यात घालवलेला माणूसही नुसत्या नजरेनं त्या वेगळ्या सांगू शकणार नाही. तिन्ही काळ्या, तिन्हींचं माप एक, दाबून सोडल्या तर तिन्ही सारख्याच पूर्ववत होतात. फरक कळतो तो मशीनमध्ये बसल्यावर. नायट्राइल तेलात टिकतं, पण उघड्यावर उन्हात राहिलं की तडकतं. ईपीडीएम ऊनपाणी वर्षानुवर्षं सोसतं, पण तेल लागलं की फुगून बसतं. नैसर्गिक रबर ताणाला चिवट, पण डिझेलशी त्याचं जमत नाही. रिंगेच्या आत काय आहे हे पक्कं ठाऊक असणारा माणूस एकच असतो, ज्यानं ती प्रेसमध्ये दाबली तो. तो माणूस मी आहे, आणि त्या ठाऊक असण्याचं मी काय केलं, हे मला आज स्वतःला विचारायचं आहे.

माझं गाव वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं शिरपूर जैन. पोटाचा धंदा मात्र अकोल्याला, एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये. दोन हायड्रॉलिक प्रेस, एक मिक्सिंग मिल, एक इंजेक्शन मशीन. गिऱ्हाईक नमुना किंवा ड्रॉइंग आणतं, आम्ही डाय करून घेतो आणि त्याला हवा तसा भाग काढून देतो. डाळमिलच्या एलेव्हेटरची बकेट, स्प्रिंकलरच्या पाइपाच्या जोडातली रिंग, जिनिंगच्या मशीनखाली बसणारं बफर, फवारणी पंपातलं वायसर. बाजारात तयार मिळत नाही ते आमच्याकडे येतं. त्यावर ब्रँड नसतो, पाकीट नसतं, बनवणाऱ्याचं नाव नसतं. मशीनच्या पोटात गेलेला भाग पुन्हा कुणाला दिसतही नाही.

शिरपुरात वाढलेल्या माणसाच्या कानावर जैनांचे शब्द आपोआप पडतात. मी जैन नाही, पण भाद्रपदात पर्युषण आलं की गावात क्षमेची भाषा सुरू होते, आणि ती ऐकत मी मोठा झालो. अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर हे गावाचं नाव देशभर नेणारं ठिकाण. दिगंबर आणि श्वेतांबर यांच्या वादात 1981 पासून तिथे कुलूप होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 च्या मार्चमध्ये ते निघालं. त्या वादावर बोलण्याचा मला अधिकार नाही. पण एक ग्रंथ असा आहे की जो दोन्ही पंथ प्रमाण मानतात, उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र. त्याच्या सातव्या अध्यायात गृहस्थाच्या व्रतांना कशाकशानं डाग लागतो ते सांगितलं आहे. चोरी न करण्याच्या व्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, दिले आहेत. चोराला चिथावणं, चोरीचा माल घेणं, राज्याचे नियम मोडून व्यापार करणं, वजनमापात मारणं, आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार: चांगल्यासारखा दिसणारा हलका माल चांगला म्हणून देणं.

हे वाचलं तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. कारण या धंद्यात आम्ही सगळे एकाच वाक्याच्या आडोशाला उभे आहोत: मी खोटं बोललो नाही, मला कुणी विचारलंच नाही. आणि ते वाक्य खरंही असतं. पण त्या ग्रंथानं भेसळ असत्याच्या खात्यात टाकलेली नाही, चोरीच्या खात्यात टाकली आहे. तोंडातून खोटा शब्द निघाला की नाही, हा मुद्दाच तिथे उरत नाही. समोरच्याच्या खिशातून त्याला न कळता काही गेलं का, एवढंच विचारलं जातं. माझा इतक्या वर्षांचा बचाव तिथे संपतो.

जैन आचार्यांनी श्रावकाला वर्ज्य असे पंधरा धंदेही सांगितले आहेत. त्यांत लाखेचा व्यापार आहे, यंत्रानं पिळून तेल काढणं आहे. लाख ही साच्यात दाबून वस्तू करण्याची फार जुनी सामग्री, ग्रामोफोनच्या तबकड्या तिच्याच होत्या. म्हणजे माझा धंदा त्या यादीच्या अगदी उंबऱ्याशी येतो. पण ती यादी हिंसेच्या अंगानं केलेली आहे. मला छळतो तो प्रश्न त्या यादीत नाही, तो त्या पाचव्या अतिचारात आहे.

प्लॅस्टिकचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. इंजेक्शन मशीनमधून भाग निघतो तेव्हा त्याच्याबरोबर रनर, म्हणजे वाटेत गोठलेलं प्लॅस्टिक, निघतो, कधी भाग अर्धवट भरतो. ते सगळं ग्राइंडरमध्ये दळून पुन्हा नव्या दाण्यात मिसळतात. यात गैर काही नाही. उलट ते फेकून दिलं तर पाप. पण प्लॅस्टिक दर वेळी तापलं की त्याच्या लांब साखळ्या थोड्या थोड्या तुटतात, आणि माल ठिसूळ होत जातो. म्हणून स्वतःचाच स्वच्छ रिग्राइंड वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत चालतो, असा धंद्यातला सर्वसाधारण दंडक आहे. दंडक तिथेच मोडतो जिथे बाहेरून भंगारातून पुन्हा बनवलेला आरपी दाणा येतो, त्यात खडूचा फिलर जातो, आणि वरून काळा मास्टरबॅच टाकला की सगळं एकसारखं दिसतं. काळा रंग स्वस्त आहे आणि तो काहीही विचारत नाही.

तुमच्याकडे डाळमिल असेल तर एक गोष्ट करून पाहा. बकेटचा एक तुकडा कापून बादलीभर पाण्यात टाका. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई दोन्ही पाण्यापेक्षा हलकी असतात, तरंगतात. खडू भरपूर भरला असेल तर तुकडा बुडतो. नायलॉन आणि पीव्हीसी मुळातच बुडतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही. अकोल्याच्या डाळमिलांत तूर या बकेटांतून वर चढते आणि डाळ होऊन घराघरांत जाते. ठिसूळ बकेटच्या कडेचा टवका उडाला तर तो कुठे जाणार? बकेटची ऑर्डर घेताना हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा. आम्ही सहसा विचारतो तो किलोचा भाव.

रबराचं प्रकरण याहून अवघड आहे. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयरला अमेरिकेत सापडलं की गंधक घालून तापवलं म्हणजे रबर चिकट राहत नाही, लवचीक आणि टिकाऊ होतं. रबराच्या साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात. त्याला वेळ लागतो. दीडशे-एकशेसाठ अंशांवर, भागाच्या जाडीप्रमाणे काही मिनिटं. प्रेस एक मिनिट आधी उघडली तर दिवसाकाठी बरेच शॉट जास्त पडतात, आणि निघालेली रिंग दिसायला जशीच्या तशी. पण तिचे पूल अर्धे बांधलेले असतात. जोडात दाबून बसवली की ती काही दिवसांत चपटी होते आणि पुन्हा उठत नाही. मग पाइप गळतो आणि शेतकरी जोड आवळत बसतो. कडकपणा मोजणारा शोअर मीटर लावला तरी काही कळेलच असं नाही, कारण चिनी माती जास्त घातली की रबर तसंही कडक होतं. आकडा बरोबर येतो, आणि रिंग आत खोटी असते.

आता वायसराकडे येतो, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसलो.

पाठीवरच्या फवारणी पंपात रबराचे चार-दोन लहान भाग असतात. झाकणाखाली एक, दांडीच्या तळाशी एक, नळीच्या खटक्यात एक. शेतमजूर सोळा लिटरची टाकी पाठीवर घेतो आणि दिवसभर ओळीतून चालतो. झाकणाखालचं वायसर फुगलं किंवा चपटं झालं की औषध डोक्यामागून मानेवर, मानेवरून पाठीवर उतरतं. सदरा भिजतो, घामात घाम मिसळला असं वाटतं. पुष्कळ औषधं झायलीनसारख्या द्रावकात विरघळवलेली असतात. त्यांत पाणी मिसळलं तरी तो द्रावक रबराला सोडत नाही. साधं रबर त्यात लवकर जातं, नायट्राइल थोडं उशिरा. व्हिटॉन टिकतं, पण व्हिटॉनचा भाव नायट्राइलच्या कितीतरी पट.

2017 च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन किमान वीस शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडो दवाखान्यात होते, कित्येकांच्या डोळ्यांना त्रास झाला. उंच वाढलेली कपाशी, औषधांची मिश्रणं, अंगावर संरक्षणाचं काही नसणं, अशी कारणं पुढे आली. वायसरचं नाव कुणी घेतलं नाही, आणि मीही ते कारण म्हणून पुढे करत नाही. पण ती बातमी वाचताना मला माझी प्रेस आठवली. कोणत्या दुकानात किती वायसरं गेली हे माझ्या वहीत होतं. कोणत्या रबराची गेली हे वहीत नव्हतं, कारण ते लिहावं असं मला कधी वाटलं नव्हतं.

ऑर्डर देणारा दुकानदार असतो. तो म्हणतो, ‘भाऊ, पंप दोन हंगाम चालला तरी पुष्कळ, तुम्ही भावाचं बोला.’ त्याचंही चुकत नाही, शेजारचा दुकानदार आणखी स्वस्त देतो. पण वायसर घेणारा एक आणि पाठीवर वागवणारा दुसरा. त्या दुसऱ्याशी माझा एका शब्दाचाही व्यवहार होत नाही. त्याला निवड करायची संधीच नसते. त्याच्या वतीनं निवड मी करतो, आणि आमच्या धंद्यात या बाबतीत सगळीकडे अळीमिळी गुपचिळी आहे. भाग गेला तर ‘वापरायची पद्धत चुकली’ म्हणायचं आणि हात वर करायचे.

रॉजर बोजोले नावाचा, रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतला एक अमेरिकन अभियंता होता. 27 जानेवारी 1986 च्या रात्री त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सांगितलं की उद्या थंडी आहे, रॉकेटच्या जोडातल्या रबरी ओ-रिंगा कडक पडतील, उड्डाण करू नका. कंपनीच्या वरिष्ठांनी त्यांचं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान 73 सेकंदांत फुटलं आणि सात माणसं गेली. त्याच्याजवळ निदान एवढं तरी होतं की त्यानं वेळेवर सांगितलं आणि दुसऱ्यांनी दाबलं. माझ्यावर दाबणारा कोणी नाही. माझ्या शेडमध्ये मीच अभियंता, मीच वरिष्ठ. मी बोललो नाही तर त्याचं खापर फोडायला दुसरं डोकं नाही.

शेडमधलाही हिशेब आहे, तो टाळून चालणार नाही. मिक्सिंग मिलवरचा माणूस कार्बन ब्लॅकमध्ये उभा असतो. संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं येतं. त्याला चांगला मास्क द्यायचा की पाच रुपयांचा, हेही मीच ठरवतो. कडेचा फ्लॅश, म्हणजे साच्याबाहेर आलेलं जादा रबर, कातरणाऱ्या ताई नगावर काम करतात, म्हणजे माझ्या डायची घडण जुनी होऊन फ्लॅश जाड झाला की त्यांची मजुरी घटते. डाय माझी, तोटा त्यांचा. आणि तो कातरलेला फ्लॅश पुन्हा वितळत नाही, गंधकाचे पूल उलटे सुटत नाहीत. गोण्या भरून तो भंगारात जातो. भंगारवाला पुढे काय करतो हे मी इतकी वर्षं विचारलं नाही. न विचारणं ही माझ्या धंद्यातली सगळ्यांत जुनी सवय आहे.

गरिबी, स्पर्धा, उधारी, वीजबिल ही कारणं मी स्वतःला पुष्कळदा दिली आहेत. ती खरी आहेत. पण भाव कमी करून कमी रबर देणं आणि भाव कमी करून काय दिलं ते लपवणं, या दोन गोष्टी एक नाहीत. पहिली सचोटीनं करता येते. ‘हे साधं रबर आहे, औषधाच्या पंपाला लावू नका’ एवढं सांगून मी तेच वायसर त्याच भावात विकू शकतो. काही ऑर्डरी जातील. गेल्या तर गेल्या.

म्हणून या पाडव्यापासून माझ्या बिलावर तीन ओळी जास्त असतील: रबर किंवा प्लॅस्टिक कोणतं, रिग्राइंड किती टक्के, आणि कशासाठी वापरू नये. मिक्सिंगची वही उघडी राहील, गिऱ्हाइकानं मागितली तर त्याच्यासमोर ठेवीन. फवारणी पंपाच्या झाकणाचं वायसर नायट्राइलपेक्षा हलक्या रबरात मी काढणार नाही. व्हिटॉन हवं असेल तर त्याचा खरा भाव सांगीन आणि निवड गिऱ्हाइकावर सोडीन.

माझ्या धंद्यातल्या भावांनो, हे तुम्हीही लिहायला लागलात तर एकट्याचा तोटा होणार नाही. आणि शेतकरी बंधूंनो, पुढच्या वेळी पंपाचं वायसर घ्यायला गेलात की भाव विचारण्याआधी दुकानदाराला विचारा: हे कोणत्या रबराचं आहे, बिलावर लिहून देता का? तो लिहून देत नसेल तर ते वायसर घेऊ नका.