ताण कुठे, भिंत कुठे

उल्हासनगरच्या बाजारातून आणलेली लांब, ताजी मिरची टोकाकडून देठापर्यंत उभी चिरा, बिया काढा आणि थंड पाण्यात सोडा. थोड्या वेळाने पाकळ्या बाहेरच्या बाजूला वळू लागतात. आतला गर पाणी पिऊन फुगतो, साल मात्र तेवढी लांबत नाही. गर आतून रेटतो आणि साल त्याला धरून ठेवते, हे अखंड मिरचीतही चाललेलेच असते. चिरल्यावर ते डोळ्यांना दिसते, इतकेच.

मग बदलापूरचे जांभूळ झाडावर फुगताना फाटत का नाही? कारण सालही वाढत असते. फळ कोवळे असताना तिच्या वरच्या थरातली पेशी दुभागते, तेव्हा नवी भिंत सहसा पृष्ठभागाला काटकोनात उभी राहते. थर एकपदरीच राहतो, पण पसरतो. म्हणजे किती पेशी झाल्या यापेक्षा भिंत कुठे पडली, हे अधिक मोलाचे.

ती जागा ठरवण्यात ताणाचा हात असतो. झाडाच्या वाढत्या शेंड्यात जिथे एका दिशेने ओढ जास्त, तिथे नवी भिंत बहुधा त्या ओढीला समांतर पडते आणि ती पेलते. वनस्पतीच्या पेशी शेजाऱ्याला कायमच्या चिकटलेल्या, त्यामुळे आधार तिथल्या तिथेच उभा करावा लागतो.

प्राण्यांत नेमके उलट. पेशी आपल्या लांबीच्या आडवी दुभागते, हा नियम ऑस्कर हर्टविगने 1884 मध्ये मांडला. ओढलेली पेशी लांबट होते, तिच्या दोन लेकी ओढीच्याच दिशेत एकापुढे एक येतात आणि ताण सैल पडतो. ओढ तीच, पण झाड तिला अडवते आणि प्राणी तिला वाट देतो. मला या विषयातले सर्वांत सुंदर सत्य हेच वाटते.

हे बळांचे गणित असल्यामुळे पवईच्या आयआयटीत स्थापत्य अभियांत्रिकी विभागातले मंदार इनामदार पेशींच्या थरांचे यांत्रिकी मांडतात, यात नवल नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मैत्रेयी नरसिंह यांची प्रयोगशाळा फळमाशीच्या भ्रूणाच्या पाठीवरची फट कशी मिटते, ते पाहते. तिथे फटीवरच्या पेशी दुभागतच नाहीत. त्या आक्रसतात, दोन्ही कडा ओढून घेतात, काही थरातून बाहेरही पडतात. विभाजन थांबलेले असल्यामुळे एकट्या ओढीने आकार कुठवर घडतो, हे तिथे वेगळे काढून पाहता येते.