सिस्टीम स्लो आहे

‘सिस्टीम स्लो आहे’ हे वाक्य मी गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागून उच्चारत आलो आहे. सुरुवातीला मी ते थोडं ओशाळून म्हणत असे. पुढं सवयीनं म्हणू लागलो. आता तर जांभई द्यावी तितक्या सहजपणे ते तोंडातून बाहेर पडतं. या वाक्याची खुबी अशी, की त्याला उत्तर नाही. ‘साहेब जागेवर नाहीत’ म्हटलं तर गिऱ्हाईक विचारतं, ‘कधी येणार?’ ‘फॉर्म संपलेत’ म्हटलं तर विचारतं, ‘मग मिळणार कुठं?’ पण ‘सिस्टीम स्लो आहे’ म्हटलं की ते एक सुस्कारा सोडतं, छताच्या पंख्याकडे पाहतं आणि मुकाट्यानं बाकावर जाऊन बसतं. पूर्वी माणसं असं फक्त दैवापुढं बसत.

अशा या सिद्ध मंत्रावर माझ्याच घरात गदा येईल, असं मला स्वप्नातदेखील वाटलं नव्हतं.

२०२४च्या दिवाळीआधीची गोष्ट. आमच्या घरी एक संगणक आहे. तो २०१६ साली हप्त्यांनी घेतला, आणि ज्या महिन्यात हप्ते फिटले त्याच महिन्यापासून तो मंदावू लागला. आपल्यावर आता कुणाचं देणं नाही हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे! एका रविवारी सकाळी मी विजेचं बिल भरायला बसलो. ब्राउझरच्या चित्रावर टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. तिसरी टिचकी मारली. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि मग एकदम तीन खिडक्या उघडल्या. एकाच चेकसाठी एकच माणूस तीन काउंटरांवर उभा राहिला तर जो गोंधळ होईल, तोच समोर झाला आणि सगळंच थिजलं.

मी त्या यंत्राला, ते बनवणाऱ्यांना, त्यांच्या वाडवडिलांना जे बोललो ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. ही बाहेर आली आणि म्हणाली, ‘‘अहो, झालं तरी काय?’’

‘‘सव्वा मिनिट झालं! नुसतं उघडायला सव्वा मिनिट!’’

‘‘आणि तुमच्याकडे माणसं किती वेळ बसतात?’’

‘‘ते वेगळं,’’ मी म्हणालो.

‘ते वेगळं’ या दोन शब्दांवर माझं सगळं नीतिशास्त्र आजवर उभं होतं. आपला वेळ जातो तेव्हा तो अन्याय असतो आणि दुसऱ्याचा जातो तेव्हा ती व्यवस्था असते. पण हिनं ते ‘वेगळं’ कसं, एवढंच विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता कुकर उतरवायला निघून गेली. बायका तत्त्वज्ञानात मागं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. त्यांना कुकर उतरवायचा असतो.

सुदैवानं माझा भाचा दिवाळीसाठी आला होता. तो पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो, म्हणजे निदान त्याचे वडील तशी फी भरतात. त्यानं बाह्या सारल्या. ‘‘मामा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही.’’ मला हे पटलं. आमचे डॉक्टर एका सर्दीला पाच गोळ्या देतात आणि सर्दी गेली की पाचही जणी श्रेय घेतात.

त्यानं संगणक बंद करून पुन्हा चालू केला आणि मोबाइलवर वेळ लावून ब्राउझर उघडला. पंचाहत्तर सेकंद. मग तो बंद करून लगेच पुन्हा उघडला. वीस सेकंद!

‘‘बरा झाला?’’ मी आनंदानं विचारलं.

‘‘नाही हो मामा. पहिल्या वेळी सगळ्या फायली डिस्कवरून उचलून आणाव्या लागतात. तुमची डिस्क जुन्या पद्धतीची, आत तबकडी फिरते, तिच्यावरून एकेक तुकडा शोधायचा. एकदा आणलेलं मेमरीत राहतं, म्हणून दुसऱ्या वेळी पटकन. उशीर असतो तो पहिल्यांदाच.’’

हे मला तत्काळ समजलं. सकाळी रेकॉर्ड रूममधून खतावण्या टेबलावर आणायला वेळ लागायचाच. एकदा आल्या की दिवसभर हाताशी. पण समजलं आणि पोटात गोळा आला. आमच्या शाखेचा कारभारही ब्राउझरमधूनच चालतो. तो सकाळी दहाला एकदा रडतखडत उघडतो. याचा अर्थ, माझं वाक्य सकाळी दहा ते दहा-पाच एवढंच खरं असतं. उरलेला दिवस मी कशाच्या जोरावर ते म्हणत होतो?

भाच्याला या नैतिक पेचाशी कर्तव्य नव्हतं. त्यानं पुढची यादी उघडली. संगणक जागा होताना त्याच्याबरोबर अकरा प्रोग्राम न बोलावता जागे होत होते. लग्नघरात पहाटे चहाला उठणाऱ्या पाहुण्यांसारखे ते सगळे एकदम मोरीपाशी गर्दी करत आणि बिचारा ब्राउझर टॉवेल घेऊन रांगेत शेवटी उभा. त्यांतल्या आठांना झोपू दिलं.

मग आल्या जोडण्या, ज्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. चौदा होत्या. एक खरेदीत सूट शोधणारी. तिनं आजवर मला एक रुपयाची सूट मिळवून दिली नव्हती. दोन जाहिराती अडवणाऱ्या. एका दारावर दोन गुरखे, म्हणून दोघेही निर्धास्त. एक नवं पान उघडलं की धबधबा दाखवणारी. ती मीच घेतली होती, एका मे महिन्यात. भाच्यानं तिची परवानगी वाचून दाखवली : सर्व वेबसाइटवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे. मला घाम फुटला. सही जुळली नाही तर सख्ख्या भावाला पैसे न देणारा मी बँकेतला माणूस. आणि एका धबधब्यासाठी मी अनोळखी इसमाला कुलमुखत्यारपत्र लिहून दिलं होतं! सगळ्या बंद करून एकेक चालू केली, तेव्हा कुणामुळं किती उशीर ते कळलं. धबधबा सर्वांत जड निघाला.

‘‘आता कॅश क्लिअर कर,’’ मी म्हणालो. हे मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. बँकेत हे वाक्य मोठ्यानं म्हटलं तर पोलीस येतात; संगणकात मात्र सगळेच म्हणतात. पण भाचा हसला. ‘‘त्यानं उघडायचा वेळ फारसा कमी होत नाही, मामा. उलट तीच पानं पुन्हा पहिल्यापासून आणावी लागतात. तो उपाय दुसऱ्या दुखण्यावरचा.’’

मग त्यानं एक चमत्कार केला. ‘नवीन प्रोफाइल’ म्हणून काहीतरी तयार केलं आणि ब्राउझर क्षणात उघडला. पांढरा स्वच्छ, निष्पाप. ‘‘म्हणजे ब्राउझरमध्ये दोष नाही. दोष तुमच्या जुन्या प्रोफाइलमध्ये आहे.’’ आपल्याकडे याला पुनर्जन्म म्हणतात. संचित आणि प्रारब्ध मागंच ठेवून आत्मा कोऱ्या पाटीनं आलेला. मला तो जन्म लगेच घ्यावासा वाटला. पण भाचा म्हणाला, ‘‘महिन्याभरात हाही तसाच होईल. वापरणारे तुम्हीच ना?’’ इतकं परखड कर्मविपाकावर कीर्तनातही मी ऐकलेलं नाही.

तेव्हा त्यानं जुनाच जन्म सुधारायला घेतला. ‘मागच्या वेळी जिथं सोडलं तिथून सुरू करा’ अशी एक खूण मी कधीतरी करून ठेवली होती. त्यामुळं दर वेळी माझी सत्तेचाळीस पानं मागची आठवण काढत उभी राहत. १९९० साली टिम बर्नर्स-ली यांनी जगातला पहिला ब्राउझर लिहिला तेव्हा त्याचं काम पानं दाखवणं आणि ती लिहू-सुधारू देणं एवढंच होतं. आताचे ब्राउझर बहुतेक प्रत्येक पानाला वेगळं बिऱ्हाड देतात; एक कोसळलं तर शेजारचं टिकावं म्हणून. सोय चांगली, पण सत्तेचाळीस बिऱ्हाडांना जागा लागणारच.

एकेक पान बंद करायला मला तास लागला. ‘घरच्या घरी हार्मोनियम.’ ‘दही घट्ट लागत नाही?’ ‘चाळिशीनंतर पोहायला शिका.’ ‘मानससरोवर : तयारी.’ प्रत्येक पान म्हणजे एकेक संकल्प होता. मी त्यांतलं एकही केलं नव्हतं, आणि सोडलंही नव्हतं. माणसाला करायला वेळ नसतो आणि सोडायला धीर नसतो. मधल्या मध्ये यंत्र म्हातारं होतं. तिकडं ही माळ्यावरून फुटक्या बरण्या काढत होती, इकडं मी मानससरोवर बंद करत होतो. घरात एकाच वेळी दोन दिवाळ्यांची साफसफाई चालली होती.

शेवटी सगळं आटपून संगणक पुन्हा चालू केला. अठरा सेकंद! ‘‘डिस्क नवी बसवलीत तर आणखी कमी,’’ भाचा म्हणाला. पण एवढ्या वेगाची माझ्या स्वभावाला सवय नाही.

तर ब्राउझर सुधारला. आता माझं ऐका.

नोव्हेंबर उजाडला. नोव्हेंबरात निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४च्या नोव्हेंबरपासून ‘जीवन प्रमाण’ आलं, यंत्रावर अंगठा टेकवून घरबसल्याही काम होतं. पण जन्मभर खडू धरलेल्या बोटांच्या रेघा पुसट झालेल्या असतात, म्हणून पुष्कळ जण अजून बँकेतच येतात. असेच एक निवृत्त गुरुजी आले. वय ऐंशीच्या पुढं. त्या वेळी सव्वाअकरा झाले होते आणि माझा सहकारी मुलीच्या लग्नासाठी कार्यालय ठरवताना मालकाला त्यानं कसं जेरीस आणलं, ते सांगत होता. कथा ऐन रंगात होती. गुरुजींनी कागद पुढं केला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘‘सिस्टीम स्लो आहे. बसा.’’

पडदा माझ्यापुढं लख्ख उघडा होता.

गुरुजी बसले. कार्यालयाची कथा संपली, चहा झाला. पंचवीस मिनिटांनी मी हाक मारली. ते काठी टेकत आले. ‘‘उघडलं का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो, आत्ताच.’’

‘‘बरं झालं. मी घाई केली नाही. जिवंत आहे एवढंच तर सांगायचं होतं. तुमचं उघडेपर्यंत जिवंत राहायचं काम मी करत होतो.’’

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मी तो सहज परतवला असता. वीस वर्षांचा सराव आहे. पण टोमणा नव्हता. वर्गातल्या मुलाला समजावून सांगावं तसं ते बोलले.

मी कॉमर्सचा पदवीधर. नीतीचं शिक्षण म्हणाल तर मला एकच मिळालं आहे : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. त्या रात्री मी मनात नोंद करून पाहिली. पंचवीस मिनिटं. देणारे गुरुजी. घेणार कोण? इतकी वर्षं मी ‘सिस्टीम’च्या नावे टाकत होतो. पण सिस्टीमला ती मिनिटं मिळालीच नव्हती. ती कार्यालयाच्या कथेत आणि चहात खर्ची पडली होती. म्हणजे नोंद खोटी. आणि ज्या बिचाऱ्याच्या नावे टाकली त्याला तोंड नाही. सारा निकाल एकतर्फी! यंत्र मंद असू शकतं, पण आळशी असू शकत नाही. आळशी व्हायला आधी मनात काम टाळण्याची इच्छा यावी लागते, आणि ती सोय फक्त आपल्याकडे आहे. शिवाय यंत्राची मंदीसुद्धा बरीचशी मीच त्याच्या गळ्यात बांधलेली असते, हे भाच्यानं धबधब्यासकट दाखवून दिलंच होतं.

आता प्रश्न असा, की जे वाक्य दहा वाजता खरं असतं, तेच सव्वाअकराला खोटं कसं होतं? शब्द तेच, काना-मात्राही तीच. माझ्या अल्पबुद्धीला उत्तर असं सुचतं, की खरेपणालाही चेकसारखी मुदत असते. कालचं खरं आज वटवायला काढलं तर ती लबाडीच.

दुसऱ्या दिवसापासून मी वाक्य बदललं. उशीर माझ्यामुळं होत असेल तर मी सरळ म्हणतो, ‘‘मी जरा स्लो आहे. बसा.’’ पहिल्या दिवशी एका बाईंनी घाबरून विचारलं, ‘‘साहेब, तब्येत बरी आहे ना?’’ मॅनेजरांनी बोलावून रजा हवी का म्हणून चौकशी केली. पण एक गंमत झाली. ‘सिस्टीम स्लो आहे’ म्हणताना मला कधी घाई वाटली नव्हती. ‘मी स्लो आहे’ म्हणताना वाटते. वाक्य तोंडातून निघेपर्यंत बहुतेक वेळा काम होऊनच जातं.

२०२५च्या नोव्हेंबरात गुरुजी पुन्हा आले. दीड वाजला होता. मी उभा राहिलो, कागद घेतला आणि चार मिनिटांत दाखला नोंदवला.

‘‘झालं?’’ गुरुजींचा चेहरा पडला. ‘‘इतक्यात?’’

‘‘हो, गुरुजी. आता थांबायचं कारण नाही.’’

‘‘तसं नव्हे,’’ ते पिशवी चाचपत म्हणाले, ‘‘मी डबा घेऊन आलो होतो.’’

दोन वाजता जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा मी माझा डबा घेऊन बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. त्यांनी मला बटाट्याची भाजी दिली, मी त्यांना चटणी दिली. उठताना घड्याळ पाहिलं. बरोबर पंचवीस मिनिटं. मुद्दल फिटलं. व्याजाचं पुढच्या नोव्हेंबरात पाहू. दोघांनीही हयातीचा दाखला दिला तर.