बसालेलाचे हात

वाचावयाचा भाग : निर्गम 31:1–5 आणि 36:2–7, लूक 14:28–30.



देवाच्या आत्म्यानें भरलेला मनुष्य म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें संदेष्टा किंवा उपदेशक उभा राहतो. परंतु परमेश्वरानें ज्याला नांव घेऊन बोलाविलें व आपल्या आत्म्यानें भरलें, तो बसालेल सोनें, रुपें व पितळ घडविणारा, रत्नें कोंदणांत बसविणारा, लांकूड कोरणारा कारागीर होता. त्याच्या हातांचें कौशल्य हें देवाचें दान होतें, असें शास्त्र स्पष्ट सांगतें.

हा भाग आज काढण्याचें कारण असें कीं, आमच्या पुष्कळ घरांत आतां एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. मुलगा शिक्षकाची कायमची नोकरी सोडून चित्रें काढीन म्हणतो. मुलगी दवाखान्यांतील काम सोडून गाणें शिकेन म्हणते. बाप कपाळाला हात लावितो. त्या बापाला कोणीं हसूं नये. ज्याच्या आजानें दुसऱ्याच्या बांधावर राबून भाकरी मिळविली, त्याला दरमहाच्या पगाराचें मोल ठाऊक आहे. पगाराला तुच्छ मानणारे लोक बहुधा कधीं उपाशी निजलेले नसतात.

आंजेलो दा फोन्सेका यांची गोष्ट या प्रसंगीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. ते रोमन कॅथलिक मंडळीचे. त्यांचा जन्म 1902 सालीं गोव्यांत झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते वैद्यकीचा अभ्यास करीत होते. त्या काळीं घरांतला मुलगा डॉक्टर होणें म्हणजे घराण्याचें भाग्य उजळणें! तो अभ्यास त्यांनीं सोडला, ते चित्रकलेकडे वळले, आणि पुढें शांतिनिकेतनांत नंदलाल बोस यांच्यासारख्या गुरूंच्या हाताखालीं शिकले. मग ते गोव्यास परतले व त्यांनीं प्रभूची माता लुगडें नेसलेली, आपल्याच गांवच्या बाईसारखी रंगविली. तेव्हां गोव्यावर पोर्तुगीजांचें राज्य होतें, आणि पवित्र चित्रांत युरोपी चेहरे पाहण्याची लोकांच्या डोळ्यांस संवय झालेली. हीं चित्रें पाहून तेथें पुष्कळांस राग आला, व फोन्सेकांना आपल्याच भूमींत आश्रय राहिला नाहीं.

ते पुण्यास आले. तेथील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमानें त्यांना जागा दिली. तो आश्रम अँग्लिकन मंडळीचा, चित्रकार कॅथलिक. तरी त्या घरानें दार उघडलें. तेथें त्यांनीं वर्षानुवर्षें चित्रें काढिलीं. 1967 सालीं त्यांचें देहावसान झालें. गोव्यानें ज्यांस एकदां दूर केलें, त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज गोव्यांतच, पर्वरी येथें जपून ठेविलेला आहे.

धंदा सोडण्याचें धैर्य फोन्सेकांचें होतें, हें खरें. परंतु तें दार उघडलें नसतें तर त्या धैर्याचें काय झालें असतें, हाही प्रश्न आहे. धैर्यवानांचीं चरित्रें लिहिलीं जातात. दार उघडणारांचीं क्वचितच.

आमच्या रेव्हरंड टिळकांचेंच पाहा. 1917 सालीं त्यांनीं मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. निश्चय टिळकांचा, पीठमिठाची चिंता मात्र लक्ष्मीबाईंची. 1919 सालीं टिळक गेले तेव्हां ‘ख्रिस्तायन’ अपुरें होतें, आणि ज्या बाईनें संसार ओढला तिनेंच तें काव्यही पुरें केलें.

म्हणून तरुणांस सांगणें इतकेंच कीं, बुरूज बांधण्यापूर्वीं बसून हिशेब करा. तुमच्या नोकरीवर कोणाचें कर्ज फिटत आहे? घरांत किती महिन्यांचें धान्य आहे? बहिणीचें लग्न तुमच्या पगाराच्या भरंवशावर ठरलें आहे काय? पौलानें करिंथांत तंबू शिवले, म्हणून त्याच्या प्रेषितपणास उणेपणा आला नाहीं. वर्ष दोन वर्षें नोकरी सांभाळून पहांटे व रात्रीं काम करून पाहा. जें दान तेवढ्यानें विझेल, तें विझलेलेंच बरें.

उपदेशक व पंच यांस मात्र थोडें कठोर बोलावें लागतें. लग्नांत, मयतींत, सप्ताहाच्या सभेंत आम्ही पदें गातों; नाताळच्या नाटकाचा पडदा गांवचाच पोर दरवर्षीं रात्री जागून रंगवितो. त्याला आम्ही काय देतों? चहा, आणि फार तर टाळ्या. पेटीवाल्याला सुद्धां जाण्यायेण्याचें भाडें मागतांना संकोच वाटतो. मग तोच पोर नोकरी सोडतो म्हणाला कीं, याचें पोट कसें भरेल म्हणून आम्हीच डोकें हालवितों!

बसालेलानें सोनें आपल्या पदरचें आणलें नव्हतें. रानांत फिरणाऱ्या लोकांनीं तें दिलें. शेवटीं कारागिरांनींच मोशेकडे येऊन सांगितलें कीं, लोक कामाला पुरून उरेल इतकें आणीत आहेत. आणि छावणींत डांगोरा पिटून त्यांना थांबवावें लागलें. आमच्या मंडळीच्या जमाखर्चाच्या वहींत दिवाबत्तीचें सदर आहे, छपराच्या डागडुजीचें आहे. गाणाराच्या किंवा चित्रकाराच्या नांवें एखादी ओळ आहे काय, हें पंचांनीं येत्या सभेंत वही उघडून पाहावें, आणि नसेल तर या कापणीच्या सणाच्या अर्पणांतून ती घालावी.