वाहवेच्या पुढे

लाफ्कादिओ हर्न यांनी जपानी दंतकथेवरून लिहिलेली आंधळ्या होइचीची गोष्ट परवा ऐकली. 1904 साली ‘क्वायदान’ या त्यांच्या संग्रहात ती आली. ऐकल्यापासून मन स्वस्थ नाही.

होइची बीवा हे तंतुवाद्य वाजवत कथा गातो. 1185 मध्ये दान-नो-उराच्या सागरी लढाईत हेइके घराण्याचा नाश झाला. बालसम्राट आंतोकुला घेऊन त्याच्या आजीने समुद्रात उडी घेतली. त्या घराण्याचे मृतात्मे होइचीला रात्री बोलावून नेतात आणि स्वतःच्याच अंताची कथा गायला लावतात. वल्ह्यांची ओढ, बाणांचा सणसणाट तो तारांतून काढतो, तेव्हा सभेतून वाहवा उमटते. कथा बायकापोरांच्या मरणापाशी येते आणि सगळी सभा हंबरडा फोडते.

त्या सभेत मी कुठे होतो? खरं सांगायचं तर वाहवेपाशीच. होइचीला वाचवण्यासाठी त्याच्या अंगभर सूत्र लिहितात, कान तेवढे राहून जातात आणि भूत ते उपटून नेतं. तिथे माझ्या अंगावर काटा आला. पोर बुडालं तेव्हा आला नाही. ते सूत्र प्रज्ञापारमिताहृदय आहे, आपल्याकडच्या बौद्ध परंपरेतून तिकडे गेलेलं, हे कळताच मन सुखावलं. म्हणजे परक्यांच्या गोष्टीत मी थरार शोधला, नाहीतर स्वतःची खूण. मेलेल्या माणसांची मी विचारपूससुद्धा केली नाही.

मन सबब पुढे करतं: आठशे वर्षांपूर्वीचं, तेही दूरदेशीचं! पण 1761 च्या पानिपताचा विषय निघाला की माझा आवाज जड होतो. तिथे मेलेल्यांपैकी तरी मी कुणाला पाहिलं होतं? तेव्हा काळाची सबब टिकत नाही. कोणाच्या मरणाचं दुःख करायचं, हे मी ऐकायला बसण्याआधीच ठरवलेलं असतं. हा पक्षपात मला कोणी शिकवला नाही, तो मीच जपला आहे. मोडायचाही मलाच आहे.

लोककथेतलं भूत बहुतेकदा कोणाच्या तरी न सरलेल्या दुःखातून जन्मतं. म्हणून यापुढे अनोळखी मुलुखाची गोष्ट ऐकताना भूत दिसतं कसं, हे विचारण्याआधी ते माणूस असताना त्याच्यावर काय गुदरलं, हे मी विचारणार आहे. तुम्हीही विचारून पाहा.