बिनतारणी उपदेश

आजची कॉलेजची पोरं व्यायाम करीत नाहीत, हे निगडीच्या दुर्गादेवी टेकडीपासून चाकणपर्यंत चाळिशी उलटलेल्यांचं आवडतं मत. कारण? आळस! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली. मी बँकेतला कारकून. लगेच हप्ता काढला. दिवसाला जवळजवळ साडेएकवीस मिनिटं. एवढा वेळ तर पोरं मोबाईल चार्ज होण्याची वाट बघण्यात घालवतात!

पण खातेदाराची बाजूही ऐकावी. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, कुणाला चाकणला सेकंड शिफ्ट. वेळ उरतो तेव्हा अंगात जोर उरत नाही. मैदानावर जावं तर एका वेळी क्रिकेटच्या चार मॅचा. मुलीने धावावं तर 'लोक काय म्हणतील' हे वजन तिने आधीच उचललेलं. वर आमचा उपदेश! उपदेशाने कुणी धावलेला ऐकलाय? खालून मित्राने 'चल रे' म्हणून हाक मारली, की मात्र झोपाळू पोरगाही बूट शोधतो.

मग आळशी कोण? १९५२ साली हेलसिंकीला जायला खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी कुस्तीत ब्राँझपदक आणलं.

मोठ्या कर्जाला तारण मागतो, पण उपदेश मात्र आपण बिनतारणी वाटतो. घर राहू द्या हो. स्वतःची साडेएकवीस मिनिटं तारण ठेवा, आणि पोराला म्हणा, 'चल रे!'