संशयाचा फायदा

दिवाळीच्या पहाटे पहिला फटाका वाजला की घरातली मुले टुणकन उठून बसतात. अमेरिकेत असा फटाक्यांचा दिवस ४ जुलैला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, येतो. त्या दिवशी तिकडे काही घरांच्या अंगणात एक लहानशी पाटी दिसते. येथे युद्धावरून परतलेला सैनिक राहतो, फटाके जरा बेताने उडवा, असा तिचा आशय असतो. शेजाऱ्यांना जो नुसता आवाज वाटतो, तो त्या माणसाला रणांगणात नेऊन सोडतो. लढाई संपून वर्षे लोटली, पण त्याच्यापुरती ती संपलेली नाही.

पहिल्या महायुद्धात या व्याधीला ‘शेल शॉक’ म्हणत, आणि पुष्कळदा ती भ्याडपणातच जमा होई. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली तिला आजचे नाव दिले. मराठीत आपण तिला आघातोत्तर तणाव म्हणू. आज तिकडचे सरकार तिला तुटलेल्या हातापायासारखीच जखम मानते आणि तिच्यासाठी दरमहा भरपाई देते. पण हात तुटला तर तो दिसतो. मन मोडले हे कोणी आणि कशावरून ठरवावे?

कायदा तीन गोष्टी मागतो. आजाराचे निदान हवे; नोकरीत असताना तसा आघात झाल्याचा विश्वसनीय पुरावा हवा; आणि त्या आघातानेच हा आजार जडला, असे तज्ज्ञाचे मत हवे. मग आजाराने माणसाचे काम आणि संसार किती बिघडवला ते पाहून शून्य, १०, ३०, ५०, ७० किंवा १०० टक्के असे माप ठरते. अर्ज फेटाळला गेला किंवा माप कमी पडले, तर २०१९ पासून पुढे तीन वाटा आहेत. नवा पुरावा आणून पुन्हा मागणी करावी, आहे त्याच कागदांवर वरिष्ठाकडून फेरतपासणी करवून घ्यावी, किंवा अपील मंडळापुढे जावे. मंडळाच्या वर सैनिकांसाठीच स्थापलेले न्यायालय आहे. १९८८ च्या कायद्यापूर्वी तेही नव्हते.

हे सारे रीतसर दिसते खरे, पण या आजाराचा स्वभाव पाहा. माणूस त्या प्रसंगाचे नाव काढीत नाही. बायकोला सांगत नाही, डॉक्टरकडे फिरकत नाही. आठवणींचे तुकडे होतात, त्यांचा क्रम चुकतो. आणि अपिलात नेमके हेच विचारले जाते की, तेव्हाच का बोलला नाहीत? मागच्या जबानीत हकीकत निराळी कशी? म्हणजे जे आजाराचे लक्षण, तेच खोटेपणाचे लक्षण ठरण्याचा धोका! बरे, सरकारी दप्तरावर विसंबावे, तर १९७३ साली सेंट लुईस येथील आगीत सैनिकांच्या १ कोटी ६० लाखांहून अधिक नोंदी जळून गेल्या.

म्हणून कायद्याने थोडी माणुसकी शिकून घेतली. जो प्रत्यक्ष लढला, त्याचा लढाईतील आघाताविषयीचा शब्द सामान्यतः मानला जातो. ज्यांच्यावर सहकाऱ्यांनीच अत्याचार केला, अशा स्त्रीपुरुषांच्या बाबतीत घरी धाडलेले पत्र, एकाएकी मागितलेली बदली, अचानक ढासळलेले काम, हाही पुरावा धरता येतो. आणि सर्वांत मोठा नियम हा की, दोन्ही बाजूंचा पुरावा जवळजवळ समतोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला. १९९० च्या गिल्बर्ट खटल्यात न्यायालयाने हे बेसबॉलच्या दाखल्याने समजावले. आपण क्रिकेटचा दाखला घेऊ: चेंडू आधी की फलंदाज आधी, याविषयी पंचाला शंका असेल, तर फलंदाज नाबाद.

कोणी म्हणेल, हा जनतेचा पैसा. एखादा लबाडही तो घेऊन जाईल. जाईल, हे मान्य केले पाहिजे. पण चुका दोन प्रकारच्या आहेत. लबाडाला भरपाई मिळाली, तर तिचा भार लाखो लोकांत वाटला जातो. खऱ्या जखमीला नकार मिळाला, तर तो भार एकट्याच्या माथी येतो, आणि तोही आधीच वाकलेल्याच्या. कोणती चूक पत्करायची, हे पुराव्याने ठरत नाही; ते समाजाने आपल्या सदसद्विवेकाला विचारून ठरवायचे असते. ज्याला आपणच रणांगणावर धाडले, त्याच्यापेक्षा आपण अधिक जोखीम पत्करावी, यात उपकार कसला?

तथापि नियम चांगला असला, तरी तराजू कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न उरतोच. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन सैनिकांच्या अपिलांवर निकाल दिला. दोघांचाही दावा याच व्याधीचा. एकाला ती आहे की नाही, यावरच मतभेद होते. दुसऱ्याला माप वाढवून हवे होते. बहुमताने ठरले की, पुरावा समतोल आहे की नाही हा मुख्यतः वस्तुस्थितीचा प्रश्न. खालचा निर्णय उघडउघड चुकला असेल, तरच वरच्या न्यायालयाने त्यात हात घालावा. दोन न्यायमूर्तींना हे पटले नाही. मला त्यातून एवढेच दिसते की, ज्याच्या तराजूचा काटा कधी मध्यावर थांबतच नाही, त्याच्या हाती हा उदार नियम कोराच राहतो.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले की, भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नव्हती, तो सेवेमुळे जडला असे सामान्यतः धरावे. सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावर लादू नये. आपल्या गावोगावी पलटणीतून परतलेली माणसे आहेत. फटाके वाजू लागताच त्यांतले कोणी गुपचूप आतल्या खोलीत जात असेल. त्याच्याकडे कागद नसेल, सांगायला शब्दही नसतील. सरकार आणि न्यायालय काय करायचे ते करोत. आपण निदान त्याला पुरावा न मागता फराळाचे ताट आत नेऊन द्यावे, आणि मुलांना जरा पलीकडच्या मैदानात जायला सांगावे.