पहारा आणि निद्रा

नेवाशास प्रवरेच्या काठी, ज्या खांबास टेकून ज्ञानदेवांनी शके 1212 मध्ये गीतार्थ सांगितला आणि सच्चिदानंदबाबांनी तो लिहून घेतला असे परंपरा मानते, त्या पैस खांबापाशी उभे राहिले म्हणजे सहाव्या अध्यायातील एक विचार मनात घोळू लागतो: अतिनिद्रेस योग नाही, तसा अतिजागरणासही नाही. एकान्तातील साधकास ही मर्यादा स्वतःपुरती पाळता येते. पण 2017 च्या सप्टेंबरात गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेवर नौदलाच्या अवघ्या सहा स्त्री-अधिकारी होत्या, आणि भर समुद्रात नौका रात्रीही बेवारस सोडता येत नाही. म्हणूनच जहाजांवर चार तासांच्या पाळ्यांची जुनी तजवीज आहे. तीत सायंकाळची एक पाळी दुभंगून दोन-दोन तासांच्या दोन केल्या, की दिवसाच्या पाळ्या सहाऐवजी सात होतात, आणि दोन तुकड्यांपैकी एकीच्याच माथी मध्यरात्र रोज येत नाही. ही न्यायबुद्धी मला फार मोलाची वाटते. मग संयमी कोणास म्हणावे? डोळे ताणून होकायंत्र पाहणारीस, की लाटांच्या तडाख्यात सखीच्या हाती प्राण सोपवून निजणारीस? मी दुसरीस अधिक मानतो; कारण हक्काच्या वेळी जी निजली नाही, ती पुढच्या पाळीस ग्लानीने जड झालेले डोळे घेऊन सुकाणूवर येते, आणि त्या डोळ्यांच्या भरवशावर दुसऱ्या तुकडीतल्या सख्या निजलेल्या असतात.